कुठल्या कलमाखाली? अमेरिकेची घटना वाचायला बसताना

फोर्टमधल्या एका वकिलांच्या चेंबरमध्ये मी ३६ वर्षं स्टेनो होते. आमच्या साहेबांना एक खोड होती. महापालिकेच्या नोटिशीविरुद्धची साधी रिट याचिका सांगता सांगता ते मध्येच अमेरिकेत शिरायचे. १९८३ साल, मी नवीन लागलेली. साहेब म्हणाले, ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स.’ मी शॉर्टहँडमध्ये काय रेघोट्या ओढल्या देव जाणे, टाइप करून दिलं ‘एक व्हो’. संध्याकाळी कागद परत आला तो लाल पेन्सिलीचा गोल घेऊन. साहेब म्हणाले, ‘‘बाई, हा एक नाही, हा धोबी आहे. जगभरच्या कोर्टांत फिरतोय १०० वर्षं.’’

त्या धोब्याकडे पुढे येतेच.

माझी भाची यंदा एलएल.एम.ला अमेरिकेत चालली आहे. तिथल्या घटनात्मक कायद्याचं एक पुस्तक तिने आधीच मागवलं. उशाला घेतलं तर मान अवघडेल इतकं जाड. चाळिसाव्या पानावर अडकली आणि गिरगावात माझ्याकडे आली. ‘‘मावशी, सुरुवात नेमकी कुठून करू?’’ तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. माझ्याकडे सनद नाही. पण निकाल पुन्हा पुन्हा टाइप करणाऱ्या माणसाला प्रत्येक शब्दावरून बोट फिरवावं लागतं, आणि अमेरिकेची घटना तशीच वाचायची असते.

तर पहिलं काम म्हणजे ते जाड पुस्तक कपाटात ठेवा आणि मूळ मजकूर छापून आणा. कलमं फक्त ७. शब्द साधारण साडेचार हजार. १०० च्या स्पीडने कोणी डिक्टेशन दिलं तर पाऊण तासात संपेल. नंतरच्या २७ दुरुस्त्या धरल्या तरी सव्वा तासाच्या फार वर जाणार नाही. आपली घटना ३९५ कलमं आणि ८ अनुसूची घेऊन जन्माला आली, तेव्हा आपल्याला हे एवढंसं बघून चुकल्या-चुकल्यासारखं होतं. आमच्या ठाकूरद्वारच्या झेरॉक्सवाल्याने भाचीला विचारलं, ‘‘बाकीची पानं?’’ छापताना कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि समास चांगला रुंद सोडा.

मग दोन पेन्सिली घ्या, निळी आणि लाल. सरकारला काही करायची मुभा दिली असेल तिथे निळी रेघ. सरकारला ‘हे करायचं नाही’ म्हटलं असेल तिथे लाल. बाकी काही लिहू नका, अर्थ लावू नका, नुसत्या रेघा मारत शेवटपर्यंत जा. आणि कृपा करून थेट पहिल्या दुरुस्तीवर उडी मारू नका. सगळे तेच करतात, कारण भाषणस्वातंत्र्य तिथे आहे. आधी १७८७ चा मजकूर वाचायचा.

असं का, ते आमच्या सोसायटीच्या एका प्रकरणावरून सांगते. कमिटीने एकदा ठराव केला की खिडकीबाहेर कपडे वाळत घालणाऱ्याला ५०० रुपये दंड. मी खजिनदार, त्यामुळे बिलं मीच टाइप केली. जनरल बॉडीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘दंड कुठल्या उपविधीखाली लावलात?’’ चेअरमननी इमारतीची शोभा, शिस्त, येणारे-जाणारे असं बरंच काही सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘ते सगळं पटलं हो. कलम सांगा.’’ सेक्रेटरी उपविधींची पुस्तिका पुढून मागे आणि मागून पुढे चाळत बसले. शेवटी निघालं असं की दंड ठरवायचा तो जनरल बॉडीने, आणि कमिटीने तिला विचारलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात ते ५०० रुपये मीच बिलातून वजा केले. बेरीज माझी बरोबर होती, पण ती करायचा अधिकारच कोणी दिलेला नव्हता.

काकूंचा प्रश्न हाच अमेरिकेच्या घटनेचा पहिला प्रश्न. सरकारने काही केलं की आपण पटकन विचारतो, ‘यानं माझा कुठला हक्क मोडला?’ तिथे त्याच्या आधी एक पायरी आहे: ‘हे करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’ फिलाडेल्फियात १७८७ च्या उन्हाळ्यात ५५ प्रतिनिधी येऊन गेले, १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या, आणि त्या मसुद्यात हक्कांची वेगळी यादीच नव्हती. या मसुद्याची बाजू घेणाऱ्या हॅमिल्टन वगैरे मंडळींचं म्हणणं होतं की वृत्तपत्रांवर बंधन घालायचा अधिकार आम्ही सरकारला दिलेलाच नाही, मग ‘घालू नका’ असं वेगळं कशाला लिहायचं? उलट तसं लिहिलं तर कोणी म्हणेल, मनाई आहे त्याअर्थी मूळ अधिकार असणार. प्रतिनिधींपैकी जॉर्ज मेसन यांना हे पटलं नाही. हक्कांची यादी नाही हे त्यांच्या तक्रारींतलं मोठं कारण, आणि त्यांनी सही केली नाही. शेवटी १७९१ मध्ये पहिल्या १० दुरुस्त्या आल्या. म्हणजे तुमच्या छापील कागदावर आधी निळ्याची यादी आहे, मग लाल. तो क्रम मोडलात तर पुढचे अर्धे निकाल डोक्यावरून जातील.

निळी पेन्सिल सर्वात जास्त झिजते ती पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात. १८ कलमी यादी आहे: कर बसवणं, नाणी पाडणं, पोस्ट ऑफिसं, सैन्य, युद्ध जाहीर करणं, राज्याराज्यांमधला व्यापार. शेवटचं कलम म्हणतं की हे अधिकार वापरण्यासाठी लागतील ते ‘आवश्यक आणि योग्य’ कायदे करावेत. या यादीत खून नाही, लग्न नाही, शाळा नाही, जमीनजुमला नाही. भाची म्हणाली, ‘‘मग खुनाचा कायदा कोणाचा?’’

माझी धाकटी बहीण मुलुंडला सात इमारतींच्या कॉम्प्लेक्समध्ये राहते. प्रत्येक इमारतीची स्वतःची सोसायटी, आणि सातांनी मिळून एक फेडरेशन काढलंय. फेडरेशनकडे गेट, वॉचमन, पाण्याची मोठी टाकी आणि गणपतीचा मांडव एवढंच दिलंय. तुमच्या जिन्यात कुंड्या ठेवायच्या की नाही, हे तुमची सोसायटी बघेल. वॉशिंग्टनमधलं सरकार म्हणजे फेडरेशन आणि राज्यं म्हणजे इमारती. खून, चोरी, घटस्फोट, वारसा, भाडेकरार या रोजच्या व्यवहाराचा बहुतेक कायदा राज्यांचा. प्रत्येक राज्याची स्वतःची घटना, स्वतःचं सर्वोच्च न्यायालय. दहाव्या दुरुस्तीत हे एका वाक्यात आहे: जे अधिकार संघाला (म्हणजे वॉशिंग्टनच्या सरकारला) दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहिले. आपल्याकडे याच्या उलट, यादीत नसलेला विषय केंद्राकडे जातो. ‘अमेरिकेत कायदा असा आहे’ असं कोणी सांगितलं की लगेच विचारावं, कुठल्या राज्यात?

आता फेडरेशन कसं फुगतं तेही बघा. ओहायोमध्ये रॉस्को फिलबर्न नावाचा शेतकरी होता. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून सरकारने लागवडीची मर्यादा घातली होती, त्याच्या वाट्याला ११.१ एकर आले. त्याने पेरले २३ एकर. जास्तीचा गहू निघाला २३९ बुशेल (धान्याचं तिथलं माप), दंड बुशेलला ४९ सेंट, म्हणजे ११७ डॉलर ११ सेंट. (मी गुणाकार करून पाहिला, खजिनदारकीची सवय.) फिलबर्नचं म्हणणं साधं होतं: हा गहू मी माझ्या गुरांना घालतो, घरी दळतो, बियाण्याला ठेवतो, यात राज्याराज्यांमधला व्यापार आला कुठून? १९४२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, आला. घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस. तुझ्यासारख्या हजारोंनी असं केलं तर देशभरच्या भावावर परिणाम होतो. मला विचाराल तर हा निकाल ताणलेला आहे. घरच्या घरी पोळी लाटली की व्यापार, असं म्हणायचं तर मग यादीबाहेर उरलं काय? पण माझ्या मताला कोण विचारतो, पुढे ५० वर्षं हा ताण तसाच राहिला. १९९५ मध्ये लोपेझच्या खटल्यात न्यायालयाने पहिल्यांदा हात आखडता घेतला. सॅन अँटोनिओमधल्या बारावीच्या पोराने शाळेत पिस्तूल नेलं, त्याच्यावर संघाच्या कायद्याखाली खटला झाला. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालय म्हणालं की शाळेजवळ बंदूक बाळगणं हा व्यापार नव्हे. पोराने केलं ते बरोबर, असं कोणी म्हणत नव्हतं. राज्याचा कायदा त्याला पकडू शकतच होता.

काकूंचा प्रश्न किती धारदार आहे ते २०१२ च्या आरोग्यविम्याच्या निकालात दिसतं. विमा घेतला नाही तर दंड, अशी तरतूद होती. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आधी सांगितलं की व्यापाराच्या कलमाखाली लोकांना एखादी वस्तू विकत घ्यायला लावता येत नाही. पुढे सांगितलं की पण कर बसवायच्या कलमाखाली हे चालतं. तरतूद तीच, रक्कम तीच. एका कलमाखाली बुडाली, दुसऱ्याखाली तरली. भाचीला मी म्हटलं, परीक्षेत काही सुचलं नाही तर आधी हे लिही.

पण हा प्रश्न वॉशिंग्टनला विचारायचा, राज्यांना नाही. इमारतीच्या सोसायटीला जिन्यातल्या कुंड्यांसाठी फेडरेशनची परवानगी लागत नाही, तसं राज्य सरकारला आरोग्य, सुरक्षितता, नीतिनियम यांसाठी संघाच्या यादीत आपलं नाव शोधावं लागत नाही. राज्यांना अडवतात त्या लाल रेघा. तिथे येऊ.

लाल रेघा मारताना वाक्याचा कर्ता शोधा. पहिली दुरुस्ती ‘काँग्रेस असा कायदा करणार नाही’ अशी सुरू होते. (भाचीच्या आईने विचारलं, ‘‘कुठली काँग्रेस?’’ त्यांची संसद, ताई.) कर्ता काँग्रेस आहे, म्हणजे मनाई सरकारला आहे. एखाद्या खासगी कंपनीने तिच्या ॲपवरची तुमची पोस्ट उडवली, तर पहिली दुरुस्ती तुमच्या मदतीला धावत नाही. याला अपवादही व्याकरणातच सापडतो. १८६५ ची तेरावी दुरुस्ती म्हणते की गुलामगिरी राहणार नाही. तिथे सरकार हा कर्ताच नाही, म्हणून ती मालकालाही बांधते. आपलं अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम त्याच घडणीचं आहे. ते शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत पोचतं.

आता एक गंमत. पाचव्या दुरुस्तीत लिहिलंय की कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणाचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेतली जाणार नाही. चौदाव्या दुरुस्तीत तेच शब्द पुन्हा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा टाइपिस्टच्या सवयीने वाटलं, कोणाची तरी ओळ दोनदा पडली. साहेब हसले. बाल्टिमोरमध्ये बॅरन नावाच्या माणसाचा धक्का होता, आपल्या भाऊच्या धक्क्यासारखा, जहाजं लागायची. शहराने रस्त्यांची कामं करताना ओढे वळवले, गाळ येऊन साचला, पाणी उथळ झालं आणि धंदा बसला. बॅरन म्हणाला, पाचवी दुरुस्ती सांगते की खासगी मालमत्ता घेतली तर भरपाई द्या. १८३३ मध्ये न्यायालयाने त्याला परत पाठवलं. पहिल्या १० दुरुस्त्या संघ सरकारला बांधतात, राज्यांना आणि त्यांच्या शहरांना नाही. म्हणून यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी आली. तिचा कर्ता वेगळा आहे: ‘कोणतंही राज्य’. ओळ दोनदा पडलेली नाही, मालक बदलला आहे. पुढे विसाव्या शतकात न्यायालयाने याच चौदाव्या दुरुस्तीच्या दारातून पहिल्या दहातले बहुतेक हक्क एकेक करून राज्यांच्या घरात नेले. भाषणाचा हक्क १९२५ मध्ये, गरीब आरोपीला वकील मिळण्याचा १९६३ मध्ये.

आता त्या धोब्याकडे येते, कारण निकाल कसा वाचायचा हे मी त्याच्यावरच शिकले.

निकाल हातात आला की आधी त्याचा पत्ता बघा. ‘११८ यू. एस. ३५६’ म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निकालांचा ११८ वा खंड, पान ३५६. सुरुवातीला सारांश छापलेला असतो, तो न्यायमूर्तींचा नसतो; त्यातलं वाक्य निकाल म्हणून टाचलंत तर फसाल. थेट हकिकतीवर जा आणि हकिकत मराठीत, आपल्या शब्दांत, पाच ओळींत लिहा. कायद्याचे शब्द येऊ द्यायचे नाहीत. चाळीत शेजारणीला सांगताय असं लिहा. मी लिहिलेल्या पाच ओळी अजून माझ्या वहीत आहेत:

‘सॅन फ्रान्सिस्कोत एक चिनी धोबी. २२ वर्षं एकाच जागी लाकडी घरात भट्टी. आग आणि आरोग्य दोन्ही खात्यांचे दाखले त्याच्याकडे आहेत. शहराने नियम केला की लाकडी घरात लाँड्री चालवायची तर नगरमंडळाची परवानगी लागेल. त्याला नाही मिळाली. तरी त्याने धुणं चालू ठेवलं, १० डॉलर दंड झाला, भरला नाही, आत गेला.’

एवढं लिहून झालं की विचारा, यात खटकतं काय? आगीची भीती खरी आहे. लाकडी घरांवर नियम हवाच. नियमात चिनी हा शब्दसुद्धा नाही. मग आकडे बघा. शहरात ३२० लाँड्र्या, त्यांतल्या ३१० लाकडी घरांत. २४० चिन्यांच्या. सुमारे २०० चिन्यांनी परवानगी मागितली, सगळ्यांना नकार. चिनी नसलेल्या ८० जणांनी मागितली, एक सोडून सगळ्यांना मिळाली. १८८६ मध्ये न्यायालय एकमताने म्हणालं की कायदा दिसायला कितीही स्वच्छ असला, तरी अंमल करणारा वाकड्या नजरेने आणि असमान हाताने तो वापरत असेल, तर तो चौदाव्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाचा भंग आहे. आणि चौदावी दुरुस्ती ‘व्यक्ती’ म्हणते, ‘नागरिक’ म्हणत नाही; धोबी चीनचा प्रजाजन असला म्हणून दाराबाहेर उभा राहणार नाही.

महालक्ष्मीच्या पुलावरून जाताना धोबीघाट दिसतो ना, तिथे त्या दोऱ्यांवरचे पांढरे कपडे बघितले की मला अजून हा निकाल आठवतो. आमच्याकडे फेरीवाले, टपरीवाले, छोटे कारखानेवाले यायचे. नियम सगळ्यांना एकच, नोटीस मात्र ठरावीक गल्लीतच पोचलेली. साहेबांना तेव्हा यिक वो लागायचा. त्यांचा आग्रह असायचा की आधी तक्ता बनवा: कोणी मागितलं, कोणाला मिळालं, कोणाला नाही. विशेषणं नंतर.

हकिकत झाली की नेमका प्रश्न एका वाक्यात काढा, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा. मग बहुमताचं कारण. मग, कंटाळा आला तरी, असहमतीचा निकाल. १८९६ मध्ये रेल्वेत गोऱ्या-काळ्यांचे वेगळे डबे चालतात असं न्यायालयाने ठरवलं, तेव्हा न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात होते. १९५४ मध्ये, शाळांच्या खटल्यात, न्यायालय त्यांच्या बाजूला आलं. आपल्याकडे आणीबाणीत हेबिअस कॉर्पसच्या (अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा, या अर्जाच्या) प्रकरणात ४ विरुद्ध १ असा निकाल लागला, तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. २०१७ मध्ये खासगीपणाच्या निकालाने ते बहुमत पुसून टाकलं. त्या दिवशी साहेबांनी मला खन्नांचा जुना निकाल पुन्हा काढायला लावला. गठ्ठ्यात सापडला, पिन गंजून कागदाला चिकटलेली.

तीन खांबांची गोष्ट, म्हणजे कायदे करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे, ही सगळ्यांना शाळेपासून माहीत असते, म्हणून मी तिच्यावर फार बोलत नाही. दोन प्रकरणं वाचली की पुरे. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना पोलादाच्या गिरण्यांत संप होणार होता. अध्यक्ष ट्रुमन यांनी गिरण्याच ताब्यात घेतल्या. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने विचारलं, कुठल्या कलमाखाली? आणि गिरण्या परत द्याव्या लागल्या. त्यातला न्यायमूर्ती जॅक्सन यांचा वेगळा सहमतीचा निकाल मूळ निकालापेक्षा जास्त वापरला जातो, तो नक्की वाचा. दुसरं प्रकरण जगदीश चढ्ढा यांचं. केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी, ब्रिटिश पासपोर्ट, व्हिसा संपलेला. इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने त्याची हकालपट्टी थांबवली. अशा ३४० जणांच्या यादीतून प्रतिनिधिगृहाने ६ नावं उचलली आणि एका ठरावाने त्यांना पुन्हा बाहेर काढायचं ठरवलं. १९८३ मध्ये न्यायालय म्हणालं की कायद्यासारखा परिणाम हवा असेल तर दोन्ही सभागृहं आणि अध्यक्षांची सही, हाच रस्ता. एका सभागृहाचा ठराव पुरत नाही. आमच्या कमिटीचा दंड आठवला का?

न्यायालयाला तरी हा अधिकार दिला कोणी, असं भाचीने विचारलं. शाबास. कागदावर शोधा, ‘न्यायालय कायदा रद्द करू शकतं’ असं वाक्य सापडणार नाही. ते १८०३ मध्ये मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी मार्बरीच्या खटल्यात घटनेच्या एकूण रचनेतून काढलं. आपल्या घटनेत तेराव्या कलमात ते चक्क लिहून ठेवलंय, त्यामुळे आपल्याला त्यांच्या या जुन्या वादाची धग लागत नाही.

चौथी, पाचवी, सहावी आणि आठवी या दुरुस्त्या बहुतेक पोलिस दारात आल्यावरच्या: झडती, जबाब, वकील, ज्युरी, शिक्षा. इथे एकच गोष्ट सांगते, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. क्लॅरेन्स गिडियन नावाच्या माणसावर फ्लोरिडात एका पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) खेळायच्या अड्ड्यात घुसून चोरी केल्याचा आरोप होता. वकील करायला पैसे नव्हते, कोर्टाने दिला नाही, स्वतःच बाजू मांडली, ५ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज केला. तुरुंगाच्या रेघांच्या कागदावर, पेन्सिलीने. टायपिंग नाही, समास नाही, स्टॅम्प नाही. आमच्याकडे रजिस्ट्रीने दीड इंच समास नाही म्हणून परत पाठवलेल्या याचिका मी रात्री ८ वाजता पुन्हा टाइप केल्या आहेत, तेव्हा या पेन्सिलीच्या अर्जाचं मला जरा जास्तच कौतुक. १९६३ मध्ये तो एकमताने जिंकला. फेरखटल्यात वकील मिळाला आणि निर्दोष सुटला.

शेवटची सूचना मुंबईकरांसाठी. अमेरिकेचा निकाल जसाच्या तसा उचलून इथे चिकटवू नका. आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेला गेले, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि ‘रीतसर प्रक्रिया’ हे शब्द घेऊ नका असा सल्ला घेऊन आले. म्हणून आपल्या एकविसाव्या कलमात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. १९७८ च्या मनेका गांधी निकालात तिच्यात न्याय्य आणि वाजवी हे अर्थ भरले गेले, ती वाट आपण आपली काढली. त्यांच्या पहिल्या दुरुस्तीत ‘वाजवी निर्बंध’ असे शब्द नाहीत; आपल्या एकोणिसाव्या कलमात आहेत. आपल्याकडे झाडं तोडली म्हणून कोणीही जागरूक नागरिक हायकोर्टात जनहित याचिका लावतो. तिथे पहिला सवाल येतो, तुमचं स्वतःचं काय नुकसान झालं? आणि ज्युरी. नानावटी खटल्यात १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ ने आरोपीला निर्दोष म्हटलं आणि न्यायाधीशांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. अमेरिकेत ज्युरीने निर्दोष म्हटलं की सरकारला पुन्हा दार ठोठावता येत नाही.

भाची परवा रात्रीच्या विमानाने जाते आहे. जाड पुस्तक सामानात वजन जास्त होईल म्हणून इथेच ठेवते म्हणाली. छापलेले कागद मात्र तिने हातातल्या पिशवीत घेतले. मी रात्री बसून ते शिवले, दाभण आणि मेणाच्या दोऱ्याने, जुन्या ब्रीफसारखे. चौदाव्या दुरुस्तीच्या पानामागे चार कोरे कागद जास्तीचे घातले आहेत, कारण तिथला समास पहिल्याच महिन्यात भरेल.